कोळ्यांची झुंज, शहापूर

प्रत्येक थोर क्रीडेला एक जन्मभूमी असते. ती भूमी आपल्या लेकराला अंगाखांद्यावर खेळवते, वाढवते आणि एक दिवस जगाच्या स्वाधीन करते. कोळ्यांच्या झुंजीच्या बाबतीत हा मान शहापूरचा आहे. तो एकाच संध्याकाळपुरता होता हे खरं, आणि त्या संध्याकाळी कोळी झुंजले नाहीत हेही खरं. पण मंडळ होतं, अध्यक्ष होते, हार आणि नारळ होता. आपल्याकडे एखादी गोष्ट घडली असं म्हणायला एवढं पुरतं.

हे आठवायचं कारण म्हणजे घटस्थापना तोंडावर आली आहे आणि घरात माझ्या हाती लांब काठीचा कुंचा देण्यात आला आहे. वर्षातून एकदा मी स्टुलावर चढून जळमटं काढतो. यंदा माजघराच्या कोपऱ्यात एक चांगला टपोरा कोळी निघाला, पाठीवर पिवळे पट्टे असलेला. कुंचा वर धरून मी तसाच उभा राहिलो.

"काय बघताय एवढं?" खालून विचारणा झाली.

"वजन बघतोय," मी म्हणालो. संसार जुना झाला की काही प्रश्न विचारायचे राहतात.

बेळगावला चिकटलेल्या शहापूरचा आश्विनातला उजेड मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. चार महिने ओल्या घोंगडीखाली बसलेलं गाव एकदम उघडं पडतं. विणकरांच्या गल्ल्यांतून रस्ताभर मागाच्या सुताचे ताणे पसरले जातात, पिवळे, जांभळे, हिरवे; त्यांना लावलेल्या खळीचा आंबूस वास नाकात बसतो आणि चालणाऱ्याला रस्त्याच्या कडेकडेनं, पोट आत घेऊन जावं लागतं. प्रत्येक घरातून मागाची खटखट येते. गावाबाहेरच्या कुंपणांवर तेव्हाच दुसरे विणकर कामाला लागलेले असतात. सकाळी दव पडलं की त्यांचं काम दिसतं. एका झुडपावर जेवढी जाळी, तेवढे माग अख्ख्या गल्लीत नव्हते.

आमच्या समोरच्या घरात मारुतीअण्णा राहत. चांगले लुगड्याचे विणकर. नवरात्रात त्यांच्या घरची सगळी जळमटं निघायची, पण मागाच्या वरचा एक कोपरा सोडून द्यायचा, असा त्यांचा रिवाज होता. "त्यो बी आपल्यागत इणकर हाय," ते म्हणत. "त्येचा माग मोडून आपला पुजायचा व्हय?" त्यांची मुलगी अंबू माझ्याच वयाची, अकराएक वर्षांची, आणि माझ्याच वर्गात. शाळेचे मास्तर म्हणजे माझे वडील. त्यामुळे मला शाळेतून सुटून घरी आलो असं कधी वाटलंच नाही.

वडिलांकडे पुण्याहून मुलांचं एक मासिक येई. त्यातल्या बोधकथा आम्ही न वाचता सोडून देत असू आणि सरळ शेवटच्या पानावर जात असू. त्या पानावर जगातल्या गमतीजमती असत. मुंबईला चित्रपट काढताना पिंजऱ्यातल्या वाघाने दिग्दर्शकाची टोपी खाल्ली. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. (ते वाचल्यावर अंबूने वर्गातल्या दोघातिघांच्या डोळ्यांकडे बराच वेळ निरखून पाहिलं.) फ्रान्स देशात मेंढपाळ उंच काठ्यांवर उभे राहून शर्यती लावतात. विलायतेत एका टेकडीवरून चीजचं गोल चाक सोडून देतात आणि सभ्य माणसं त्याच्यामागे गडगडत जातात. अमेरिकेत एक मनुष्य झेंड्याच्या खांबावर चढून बसला, आणि तो खाली का येत नाही हे बघायला रोज गर्दी जमते. आमच्या जगात साहेब होता, संस्थान होतं, परीक्षा होती. या पानावरचं जग पाहिल्यावर वाटे की मोठी माणसं आपल्याला खरी हकिकत सांगत नाहीत.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असे: तुमच्या गावची नवलाई कळवा, नावासह छापू.

ती ओळ अंबूला पाठ होती. कारण दिवाळीनंतर तिची शाळा संपणार होती. घरात धाकट्या भावंडांची रांग, आणि मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला हात हवे होते. मारुतीअण्णांनी हे रागानं सांगितलं नव्हतं. पाऊस उघडला असं सांगावं तसं सांगितलं होतं. त्यावर अंबू त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. मी दारात होतो.

"आप्पा, मास्तरांच्या पुस्तकात पोरांची नावं छापत्यात. माझं नाव छापून आलं तर?"

सुतातून ये-जा करणारा धोटा थांबला. "कुणाचं?"

"माझं."

"माझं नाव अजून हितल्या देवळाच्या वर्गणीदारात न्हाय लागलं, आणि तुझं पुण्याच्या पुस्तकात?"

"आलं तर?"

"आलं तर जा शाळंला. म्हातारी हुईस्तवर जा."

"मागावर बसून बोललाय, आप्पा," अंबू म्हणाली.

मारुतीअण्णांनी खाली पाहिलं. खरंच, ते मागावर बसलेले होते. त्या गल्लीत मागावर बसून दिलेला शब्द फिरवत नसत. लग्न ठरवायची बोलणी करायला आलेले लोक विणकराला आधी मागावरून उठवून ओट्यावर आणत, ते घासाघिशीला जागा राहावी याचसाठी. अण्णांनी धोटा पुन्हा फेकला, पण जरा जोरातच.

मग आम्ही शहापुरात नवलाई शोधायला लागलो. गाव मोठं निराशाजनक निघालं. पायऱ्या चढणारी म्हैस होती, पण ती कुणी बघत असताना चढायची नाही. एक आजोबा जेवणाला मूठभर मिरच्या खात, पण वडील म्हणाले, यात नवल नाही, हे निपाणीला सगळेच खातात. शेवटी आम्ही खेळांकडे वळलो. फ्रान्समधले मेंढपाळ शिकताना आपटले असतील का, हे आम्हाला कळलं नाही, पण आम्ही मागाच्या बांबूंवर चढून आपटलो. चीज म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आकारावरून गुळाची ढेप जवळची वाटली. ती आमच्याच घरातली होती. बेळगावच्या रस्त्याच्या उतारावर सोडली, तर ती पहिल्या दगडाला फुटली आणि तिच्यामागे आमच्याऐवजी मुंग्या पळाल्या. त्या रात्री मला कळलं की विलायतेत हा खेळ खेळणाऱ्यांचे वडील मास्तर नसावेत.

आणि मग भाद्रपदाचा अंक आला. पूर्वेकडच्या बेटांवर मुलं कोळी पाळतात, एका काठीच्या दोन टोकांवर दोन कोळी सोडतात, ते चालत येतात आणि मधोमध त्यांची झुंज होते. जो दुसऱ्याला सुतात गुंडाळतो, तो जिंकला. अंबूनं हे एकदाच वाचलं. मग उठून बाहेर गेली आणि कुंपणाकडे बघत उभी राहिली. मला वाटतं, सोन्याची खाण सापडलेली माणसं अशीच उभी राहत असावीत.

तिनं धरलेल्या कोळ्याचं नाव हौसा. मोठे कोळी सगळे बाईमाणूस असतात, हे अंबूनं स्वतःच ठरवलं होतं. पुढे कळलं की ते बरोबर होतं. हौसा वडिलांच्या तपकिरीच्या रिकाम्या डबीत राही. तपकीर निपाणीची, चांगली कडक. कोळ्याला शिंक येते का, याची आम्ही दोन दिवस वाट पाहिली. मासिकाला कळवायला तेही चाललं असतं. हौसाला शिंक आली नाही. वडिलांना मात्र डबीत डोकावून डोकावून आली. माझ्याकडे एक बारका कोळी होता. त्याचं नाव मी पहिलवान ठेवलं होतं, याहून त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही.

मारुतीअण्णांना बातमी लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "इणकरा-इणकरात भांडणं लावताय व्हय रं? ती आमची आमी लावतो की."

इथवर प्रकरण आमच्या हातात होतं. पण वडिलांनी ते रावसाहेबांच्या कानावर घातलं.

रावसाहेब बेळगावच्या कचेरीतून पेन्शन घेऊन शहापुरात आलेले. शहापूर तेव्हा संस्थानात आणि बेळगाव साहेबाच्या राज्यात, मध्ये रस्ता. म्हणजे नोकरी एका सरकारची आणि झोप दुसऱ्याची, अशी त्यांची विभागणी होती. ते जन्मतःच अध्यक्ष होते. भजनी मंडळाचे होते, वाचनालयाचे होते, एका शिंप्यानं नवीन मशीन घेतलं तेव्हा त्या मशीनचेही झाले. कोळ्यांच्या झुंजीला अध्यक्ष नाही, हे ऐकून त्यांना मनापासून वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी बालक्रीडा संवर्धक मंडळ स्थापन झालं. झुंज देवळापुढे, दसऱ्यानंतरच्या रविवारी, अध्यक्षीय भाषणासह होईल असं ठरलं. शिवाय रावसाहेबांनी फर्मावलं की बाजारात दोन्ही भाषांचे लोक येतात, तेव्हा दवंडीही दोन्ही भाषांत पिटली जावी. उपक्रम व्यापक असला पाहिजे.

दवंडीवाल्यानं बाजाराच्या दिवशी हलगी वाजवून आधी मराठीत सांगितलं, "ऐका हो ऐका, रविवारी सांजच्याला देवळाम्होरं कोळ्यांची झुंज हाय हो." मग हलगीवर दोन टिपऱ्या हाणून कानडीत, "केळ्रीप्पो केळ्री, ऐतवार संजीक कोळी काळग ऐती, एल्लारू बर्री." झुंजीला त्यानं काळग केलं, रविवारला ऐतवार केलं, आणि कोळी हा शब्द कुठेही चालतो असं समजून तसाच ठेवला. तो चालला, हेच पुढे नडलं.

रविवारची संध्याकाळ झाली. देवळापुढे टेबल, टेबलावर शाल अंथरलेली, दोन विटांवर आडवी ठेवलेली काठी. ताणे गुंडाळून विणकर आले होते, बायका ओट्यांवर होत्या, लहान पोरं देवळाच्या जोत्यावर चढली होती. मारुतीअण्णा मागं खांबाला टेकून हाताची घडी घालून उभे. अंबूनं डबी उघडली. हौसा पाय आवरून काठीच्या एका टोकाला बसली. मी पहिलवानाला दुसऱ्या टोकाला सोडलं. त्यानं एकदा समोर पाहिलं, सुताला लोंबकळून टेबलाखाली उतरला आणि सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाला.

रावसाहेबांनी हे पाहिलं नाही, कारण ते बोलायला उभे राहिले होते. पागोटं नवं, जरीचा तुरा ताठ उभा. "सज्जनहो, हा क्षुद्र कीटक आपणांस काय शिकवतो? हा शिकवतो चिकाटी."

"हल की गं, हौसा," अंबू दातांतल्या दातांत म्हणाली.

"झोपली न्हवं ती?" कुणीतरी मागून विचारलं.

"गप. भाशन ऐकतीया."

भाषण चिकाटीवरून उद्योगाकडे आणि उद्योगावरून सरकारच्या कृपाछत्राकडे गेलं. कोणत्या सरकारच्या, ते रावसाहेबांनी सांगितलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची सोय पाहावी लागे. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि हौसा हलली. तिनं मागचे पाय उचलले आणि एक सूत हवेत सोडलं. उतरत्या उन्हात ते चमकलं, लांबलं, तरंगलं आणि रावसाहेबांच्या तुऱ्याला जाऊन चिकटलं. मग ती त्यावरून चालत निघाली, नव्या जागेची पाहणी करायला आलेल्या माणसासारखी, जराही न घाबरता. सबंध शहापूर माना वर करून बघत होतं. रावसाहेबांना वाटलं, भाषण रंगलं.

"तो आपल्या ध्येयापासून तसूभरही ढळत नाही," ते म्हणाले. हौसा तुऱ्यावर पोचली आणि विणायला बसली.

अंबूनं माझा दंड धरला. बोटं रुतली. "हे बी छापतील," ती म्हणाली. "झुंज न्हाय झाली तर न्हाय. अध्यक्षाच्या पागोट्यावर कोळी इणतो, हे बी नवलच की." तिचा चेहरा लाल झाला होता. मलाही वाटलं, हो, हे छापतील. टोपी खाणाऱ्या वाघाच्या शेजारीच छापतील. त्या क्षणी आम्ही दोघं जगाच्या पानावर होतो.

याच वेळी गर्दी बाजूला सारत बेळगावपलीकडच्या काकतीचा यल्लाप्पा पुढे आला. काखेत तांबडा, गलमिश्यांचा, मानेची पिसं फुलवलेला कोंबडा. यल्लाप्पानं दवंडी ऐकली होती ती कानडीतली, आणि कानडीत कोळी म्हणजे कोंबडी. कोळी काळग म्हणजे कोंबड्यांची झुंज. तो दुपारीच काकतीहून चालत निघाला होता आणि आता उशीर झाला की काय, अशा काळजीत होता.

"कोळी काळग इल्लेन्री?" त्यानं एकाला विचारलं.

"व्हय, हितंच," तो माणूस म्हणाला. त्याला दोन्ही भाषा येत होत्या, पण त्याचं लक्ष तुऱ्यावर होतं.

यल्लाप्पानं इकडे तिकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, "मग दुसरा कोळी कुठं हाय?"

चार-पाच जणांनी एकदमच बोट दाखवलं. सगळी बोटं रावसाहेबांच्या डोक्याकडे होती.

यल्लाप्पा बघत राहिला. त्याला तुरा दिसला. ताठ, जरीचा, झुलणारा. या गावात कोंबडे कुठे ठेवतात, याचा तो बहुधा विचार करत होता, आणि त्या विचारात त्याची काख सैल झाली. कोंबडा टेबलावर आला, तिथून रावसाहेबांच्या खांद्यावर, आणि एकदाच चोच मारून खाली. पागोटं पलीकडे पडलं. रावसाहेब वाक्याच्या मध्ये होते. हौसा नव्हती.

हे सगळं इतक्या लवकर झालं की हसायला कुणालाच सुचलं नाही. इंग्रजी हद्दीतल्या कोंबड्यानं संस्थानच्या प्रजेपैकी एकीला भरसभेत खाल्लं होतं, आणि दोन्ही दरबारांत याचा निवाडा करील असा कायदा नव्हता. कोंबड्यानं मान हलवून घास खाली उतरवला. यल्लाप्पानं तो उचलला, धूळ झाडली आणि अत्यंत प्रामाणिकपणे रावसाहेबांना विचारलं, "आमी जिकलो व्हय, सायेब?"

तेव्हा शहापूर हसलं. देवळावरची पारवळं उडाली. मारुतीअण्णा खांबाला धरून खाली बसले. रावसाहेबांची एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: हार आणलेला आहे आणि सभा भरलेली आहे, म्हणजे तो कुणालातरी घातला पाहिजे, हे ते विसरले नाहीत. त्यांनी पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं, नारळ यल्लाप्पाच्या हाती दिला आणि हार कोंबड्याला घातला. कोंबडा त्या दिवशी शहापुरातला सगळ्यांत गंभीर प्राणी होता.

हसली नाही ती अंबू. रिकामी डबी बंद करून ती घराकडे चालू लागली. मी मागोमाग गेलो आणि म्हणालो, आपण लिहू की झुंज झाली. हौसा जिंकली. कोण बघायला येतंय पुण्याहून?

"आप्पा हुते की तितं," ती म्हणाली. "खोटं छापून आलं तर ते काय म्हणतील? मागावर बसून बोललेत. मी खोटं कसं घालू त्यात?"

त्या आठवड्यात शहापुरातून मासिकाकडे दोन पत्रं गेली. एक रावसाहेबांचं, चार पानी, सुवाच्य, 'दक्षिण सीमेवरील एका अभिनव क्रीडेचा अभ्युदय' या मथळ्याचं. त्यात कोंबडा नव्हता. दुसरं अंबूचं कार्ड. त्यात तिनं काय लिहिलं ते तिनं मला दाखवलं नाही. टपालाच्या पेटीत टाकताना कार्ड उलटं धरलं होतं.

दिवाळी झाली. अंबू ओट्यावर बसून कांड्या भरू लागली. मी शाळेला जाताना ती वर बघायची नाही. चरख्याचा आवाज तेवढा जरा वाढायचा. तिच्या बाकावरच्या रिकाम्या जागेवर मी दप्तर ठेवू लागलो. तपकिरीची डबी तिनं परत दिली होती. थंडी पडली, कुंपणावरची जाळी विरत गेली, आणि एका दुपारी पोस्टमननं अंक आणून दिला. मी तो न उघडता रस्ता ओलांडून पळालो. वडील मागून आले. मास्तर पळताना मी पहिल्यांदाच पाहिले.

शेवटचं पान वडिलांनी मारुतीअण्णांच्या मागापुढे उभं राहून वाचलं. एका माकडानं मुंबईच्या नाटकात काम केलं होतं. कुठल्याशा देशात डोक्यावर पिंप घेऊन पळण्याची शर्यत झाली होती. रावसाहेबांचं काहीच नव्हतं. मग अगदी तळाला, एक ओळ.

"'कोंबडा कोळी खातो. मी स्वतः पाहिले.' कुमारी अंबू, शहापूर."

खटखट थांबली. मारुतीअण्णांनी पुन्हा वाचायला सांगितलं. वडिलांनी पुन्हा वाचलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"पर हे तर सगळ्यांस्नी म्हाईत हाय, मास्तर."

"हो," वडील म्हणाले. "पण छापलंय."

अण्णांनी अंक हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. ते लुगड्याचा काठ तपासावा तसा कागद उजेडाकडे धरून बघत राहिले. "कुठं हाय तिचं?" वडिलांनी बोट ठेवलं. अण्णांनी त्या बोटाच्या जागी आपलं बोट ठेवलं. मग मागाच्या वरच्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं, जिथलं जाळं त्यांनी राखलं होतं, आणि ओट्याकडे तोंड करून हाक मारली, "अंबे, ठेव त्या कांड्या. उद्यापास्नं शाळंला जा." अंबू आत आली नाही. चरख्याचा आवाज मात्र बंद झाला.

साहेब नुकताच गेला आहे, आणि संस्थानाचंही आता फार दिवस चालेल असं दिसत नाही. तो मधला रस्ता मग नुसता रस्ता होईल. कोंबड्यांना कळणारही नाही. अंबू निपाणीला मुलींच्या शाळेत शिकवते. परवा आली होती तेव्हा मी तिला माजघरातला कोळी दाखवला. तिनं खालून नीट पाहिलं, "हौसापरास बारीक हाय," म्हणाली, आणि कुंचा माझ्या हातातून घेऊन दाराआड ठेवून दिला.

रावसाहेबांच्या चार पानांचं काय झालं ते कळलं नाही. यल्लाप्पाचा कोंबडा दिवाळीतच खाल्ला गेला होता.